एकच बल्ब, तीन सूत्रं आणि तीन वेगळी उत्तरं : रेझिस्टन्स आणि पॉवर काढताना घोळ कुठे होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे की १२ व्होल्ट २१ वॅटचा गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब आहे, त्याला पॉवर सप्लायवरून १२ व्होल्ट दिले तर १.७५ अँपिअर करंट घेतो, मग बल्ब काढून मल्टीमीटरच्या ओहम रेंजला धरला तर ०.८ ओहम दाखवतो. आता व्होल्टेज गुणिले करंट केलं की २१ वॅट येतात, व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स केलं की १८० वॅट येतात, आणि करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं की जेमतेम अडीच वॅट. तिन्ही सूत्रं एकच उत्तर देतात असं शिकवलेलं, मग चुकतंय कुठे? आणि या बल्बच्या जागी एलईडी लावताना फ्लॅशरला (इंडिकेटर चालू-बंद करणारा भाग) तेवढाच लोड दिसावा म्हणून जो रेझिस्टर टाकतात तो किती ओहमचा आणि किती वॅटचा घ्यायचा?

तुमचा गुणाकार भागाकार सगळा बरोबर आहे, सूत्रंही बरोबर आहेत. २१ वॅट हे खरं उत्तर, बाकीची दोन सोडून द्या. कारण ते ०.८ ओहम जळत्या बल्बचे नाहीत, थंड बल्बचे आहेत, आणि तुम्ही थंड बल्बचा रेझिस्टन्स घेऊन त्याला जळत्या बल्बचं व्होल्टेज न् करंट जोडलंत. जळत्या बल्बचा रेझिस्टन्स काढायला मीटरची ओहम रेंज लागतच नाही, तुमच्याकडे दोन्ही आकडे आधीच आहेत, १२ भागिले १.७५ म्हणजे ६.८६ ओहम. आता हाच आकडा घालून बघा, १४४ भागिले ६.८६ म्हणजे २१, आणि १.७५ चा वर्ग ३.०६, गुणिले ६.८६, परत २१. तिन्ही सूत्रं जुळली. जुळणारच, कारण मुळात ती तीन नाहीतच, पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट एवढंच एक आहे, त्यात ओहमचा नियम (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स) घालून कधी व्होल्टेज काढून टाकलं कधी करंट काढून टाकला की बाकीची दोन तयार होतात. म्हणून ती तिन्ही वेगवेगळी उत्तरं द्यायला लागली की समजायचं आपण घातलेले आकडे एका जागचे किंवा एका वेळचे नाहीत.

आता थंड आणि गरम यात एवढा फरक का, तर फिलामेंट टंगस्टनचं असतं आणि जळताना ते दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असतं. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, टंगस्टनचा नेहमीच्या तापमानाजवळ दर अंशाला साधारण ०.४५ टक्के वाढतो, आणि दोन हजार अंश म्हणजे किती अंश झाले बघा, त्यामुळे साधा फिलामेंट बल्ब थंड असताना जेवढा रेझिस्टन्स दाखवतो त्याच्या दहा ते पंधरा पट जळताना असतो. तुमचा ०.८ वरून साडेआठपट येतो, थोडा कमी, पण तो ०.८ च नेमका नाही, ते खाली मोजण्याच्या भागात येईल. २३० व्होल्ट ६० वॅटचा जुना बल्ब घेतला तरी तेच, जळताना ८८० ओहमच्या आसपास आणि काढून थंड मोजला तर साठ-सत्तर. बल्ब चालू करताच उडतो, चालू असताना क्वचितच, त्याच्यामागेही हे एक मोठं कारण आहे, पहिल्या काही मिलिसेकंदात थंड फिलामेंट नेहमीच्या दहापट करंट ओढायला बघतं आणि जिथे ते आधीच बारीक झालेलं असतं तिथे तुटतं.

अजून एक प्रयोग करून बघा, सप्लाय कमी जास्त करता येत असेल तर. १२ च्या ऐवजी ६ व्होल्ट द्या. ओहमच्या नियमाने करंट अर्धा व्हायला हवा म्हणजे पाऊण अँपिअरच्या थोडा वर, पण मीटरवर साधारण १.२ अँपिअर दिसेल, कारण फिलामेंट आता कमी तापलंय आणि रेझिस्टन्स ५ ओहमच्या आसपास उतरलाय. पॉवर ७ वॅटच्या जवळपास, पाव नाही, तिसरा हिस्सा. म्हणजे ओहमचा नियम मोडला का? नाही. जर्मन शास्त्रज्ञ ओहमने १८२७ मध्ये जे छापलं ते एका ठरावीक तारेबद्दल, तिचं तापमान तेवढंच राहिलं तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो असं. त्याच्या प्रयोगाबद्दल एक गोष्ट मला फार आवडते, त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज मोजेपर्यंत घसरायचं म्हणून त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ-तांब्याचा थर्मोकपल (दोन धातूंचा जोड, टोकांच्या तापमानातल्या फरकावर व्होल्टेज देणारा) वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात, म्हणजे सोर्स हलणारच नाही. व्होल्टेज भागिले करंट हा भागाकार कुठल्याही वस्तूचा कुठल्याही क्षणी काढता येतो, तो त्या क्षणाचा रेझिस्टन्स असतो. तो आकडा पुढच्या क्षणी किंवा दुसऱ्या व्होल्टेजला तसाच राहील की नाही हे मात्र वस्तूवर अवलंबून.

काही वस्तूंचा राहतो. हीटरची कॉइल नायक्रोमची असते, ती लालबुंद झाली तरी रेझिस्टन्स थोड्याच टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे २३० व्होल्ट २००० वॅटच्या हीटरचा हिशेब सरळ बसतो, करंट ८.७ अँपिअर, रेझिस्टन्स २६.४५ ओहम, आणि थंड मोजला (प्लग काढून, बरं का) तरी पंचवीस-सव्वीस असंच काहीतरी येतं. इथे व्होल्टेजचा वर्ग हा प्रकार नीट डोक्यात बसवायचा. लाइन १० टक्क्यांनी पडली, म्हणजे २०७ व्होल्ट आले, तर हीटर १८०० वॅट देईल असं बहुतेकांना वाटतं, पण देतो १६२०, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही तेवढाच कमी होतो आणि दोन्हीचा मार एकत्र बसतो. तोच हीटर ११५ व्होल्टला लावला तर १००० नाही, ५०० वॅट. म्हणून वस्तूवर लिहिलेले वॅट हे नेहमी सोबत लिहिलेल्या व्होल्टेजचेच असतात, ते बदललं की वॅट नव्याने काढायचे.

याच्याच पोटातला दुसरा गोंधळ, रेझिस्टन्स कमी झाला की पॉवर वाढते की कमी होते? एक सूत्र म्हणतं वाढते, दुसरं म्हणतं कमी होते, आणि परीक्षेत इथे हमखास गडबड होते. उत्तर आहे की काय ठरलेलं आहे ते बघा. वस्तूच्या दोन टोकांना व्होल्टेज ठरलेलं असेल, हीटर सरळ सप्लायवर असतो तसं, तर रेझिस्टन्स कमी केला की पॉवर वाढणार. पण करंट दुसऱ्या कोणी ठरवलेला असेल आणि आपली वस्तू त्या वाटेत मध्ये बसलेली असेल तर रेझिस्टन्स जास्त तिथे उष्णता जास्त. वायर, प्लगची पिन, स्विचचा कॉन्टॅक्ट, लूज स्क्रू हे सगळे दुसऱ्या प्रकारात येतात. समजा १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर गेलीय, जाऊन येऊन ४० मीटर, तिचा रेझिस्टन्स झाला साधारण अर्धा ओहम, त्यातून १० अँपिअर गेले तर ५ व्होल्ट तिथेच पडले आणि ५० वॅट उष्णता झाली, पण ती चाळीस मीटरभर पसरली, हाताला कळणारही नाही. आता एका पिनेचा कॉन्टॅक्ट ढिला होऊन तिथे ०.१ ओहम तयार झाला. ०.१ म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण १० चा वर्ग १०० गुणिले ०.१ म्हणजे १० वॅट, आणि ते नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक काळं पडतं, वास येतो, गरम झालं की स्प्रिंग अजून ढिली पडते आणि ०.१ चा ०.२ होतो. हीटरला काही फरक पडत नाही, फ्यूज उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नाही, उलट किंचित कमी झालाय. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे इंग्लिश शास्त्रज्ञ जूलने १८४१ मध्ये मोजून दाखवलं होतं, आणि जळालेला प्लग उघडून बघितला की ते दरवेळी पटतं.

आता मोजण्याकडे येऊ. तुमचा ०.८ ओहम हा थंड बल्बचासुद्धा खरा आकडा नाहीये बहुतेक. मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, साध्या मीटरवर ०.२ ते ०.५ ओहम कुठेतरी दाखवेल, तो प्रोबच्या वायरींचा आणि कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स. तुमचा ०.२ आला तर बल्ब ०.६ चा. पाचशे ओहम मोजताना ०.२ ने काही बिघडत नाही, पण १ ओहमच्या खाली ओहम रेंजवर विश्वास ठेवू नका, सरळ करंट सोडा आणि व्होल्टेज मोजा. सप्लायवर करंट लिमिट १ अँपिअर लावा, तो त्या तुकड्यातून जाऊ द्या आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रोब त्या तुकड्याच्याच दोन टोकांना लावा, सप्लायच्या वायरींच्या क्लिपवर नाही, क्लिपच्या आतल्या बाजूला. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम, भागाकारही करायला नको. करंटच्या वायरी वेगळ्या आणि मोजायच्या वायरी वेगळ्या म्हणून याला फोर वायर पद्धत म्हणतात, मोजायच्या वायरींतून करंट जवळजवळ जातच नाही त्यामुळे त्यांचा रेझिस्टन्स हिशेबात येतच नाही. फक्त फिलामेंटवर हे करायचं असेल तर करंट अगदी थोडा सोडा, १ अँपिअरला ते तापायला लागेल आणि परत आपण तिथेच येऊ.

जळत्या बल्बलाही हेच लागू. सप्लायच्या डिस्प्लेवर १२.० दिसतंय म्हणजे बल्बला १२.० मिळतंय असं नसतं, क्रोकोडाइल क्लिपच्या बारीक वायरींमध्ये ०.२ ओहम असेल तर १.७५ अँपिअरला ०.३५ व्होल्ट वाटेतच गेले. म्हणून व्होल्टेज होल्डरच्या आत, बल्बच्या बुडाशी मोजायचं. आणि उलट बाजूला, मोठा रेझिस्टन्स मोजताना वेगळाच त्रास, डिजिटल मीटर व्होल्ट रेंजला स्वतः बहुतेक १० मेगाओहमचा असतो, तुम्ही १ मेगाओहमच्या रेझिस्टरला तो पॅरलल लावला की तिथे दोघं मिळून ०.९१ मेगाओहम झाले आणि तुमचा अँपमीटर मीटरमधून जाणारा करंटही मोजायला लागला. अशा वेळी अँपमीटर आत घ्यायचा, व्होल्टमीटर दोघांच्या बाहेरून लावायचा. लहान रेझिस्टन्सला व्होल्टमीटर वस्तूला चिकटून, मोठ्याला अँपमीटर वस्तूला चिकटून, मधल्याला कसंही लावा.

करंट मोजताना मीटर सिरीजमध्ये लागतो हे माहीत असेलच, पण लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात ठेवून तसाच व्होल्टेज मोजायला बॅटरीवर टेकवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, मीटर त्या वेळी जवळपास शून्य ओहमचा तुकडा असतो, म्हणजे सरळ शॉर्ट. बॅटरीवर ठिणगी न् फ्यूजवर भागतं, मेन्सवर मात्र मीटर हातात फुटू शकतो. मेन्सवरच्या वस्तूचा करंट बघायचा असेल तर क्लँप मीटर किंवा सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर वापरा, वायर कापून मल्टीमीटर मध्ये घालायचे उद्योग नकोत.

युनिटबद्दल एकच, मिलिअँपिअर सरळ सूत्रात घातले तर उत्तर हजारपट चुकतं, ते लक्षात ठेवण्यापेक्षा असं करा, व्होल्ट भागिले मिलिअँपिअर म्हणजे उत्तर किलोओहममध्ये, व्होल्ट गुणिले मिलिअँपिअर म्हणजे मिलिवॅट. छोट्या सर्किटमध्ये यावरच सगळं चालतं.

एलईडीचा विषय निघालाच आहे तर, साधा लाल इंडिकेटर एलईडी २ व्होल्ट २० मिलिअँपिअरचा, २ भागिले ०.०२ म्हणजे १०० ओहम असा त्याचा रेझिस्टन्स काढून लोक पुढे ३ व्होल्टला ३० मिलिअँपिअर जाईल असा हिशेब करतात आणि एलईडी जाळतात. भागाकार चुकीचा नाही, पण तो १०० ओहम फक्त त्याच एका बिंदूचा आहे, एलईडीचं व्होल्टेज थोडं वाढलं की करंट भराभर वाढतो. म्हणून त्याच्यासोबतच्या रेझिस्टरचा हिशेब करायचा, एलईडीचा नाही. १२ व्होल्ट सप्लाय, एलईडीवर २ पडले, रेझिस्टरवर उरले १०, तर १० भागिले ०.०२ म्हणजे ५०० ओहम. इथे १२ नाही, १० घालायचे, कारण रेझिस्टरच्या स्वतःच्या टोकांना तेवढेच आहेत. बाजारात ४७० किंवा ५६० मिळतो, ५६० घ्या, करंट १८ मिलिअँपिअरच्या जवळ आणि रेझिस्टरवर १८० मिलिवॅट. पाव वॅटचा रेझिस्टर चालेल पण चांगला तापेल, मी अर्ध्या वॅटचा टाकतो.

एसीवर मात्र थोडं थांबा. हीटर न् फिलामेंट बल्बला आरएमएस (म्हणजे जेवढ्या डीसीने तेवढीच उष्णता होईल तेवढं) व्होल्टेज आणि आरएमएस करंट घेतले की वरचं सगळं जसंच्या तसं लागू, मीटर आरएमएसच दाखवतो, २३० म्हणजे शिखरावर ३२५ असतात पण ते हिशेबात घ्यायचे नाहीत. मोटर आली की बदललं. २३० व्होल्टला ४ अँपिअर घेणारी मोटर ९२० वॅट घेते असं म्हणू नका, ते ९२० व्होल्ट-अँपिअर, पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती तो हिस्सा) ०.८ असेल तर वॅट ७३६. २३० भागिले ४ म्हणजे ५७.५ ओहम हा इम्पीडन्स (एसीला होणारा एकूण अडथळा) झाला, वायंडिंगचा रेझिस्टन्स ओहम रेंजवर मोजलात तर समजा ३ ओहमच निघेल, आणि त्याच्यावर करंटचा वर्ग लावलात तर ४८ वॅट येतील. तो ४८ चुकीचा आकडा नाही हं, फक्त तो वायंडिंगच्या तांब्यात होणाऱ्या उष्णतेचा आहे, बाकीचे वॅट शाफ्टवरच्या कामात आणि इतर लॉसमध्ये जातात. एलईडी बल्ब आणि चार्जर यांचा करंट तर सलग साइन वेव्हसारखा नसतोच, झटक्यांत येतो, तिथे ट्रू आरएमएस (कुठल्याही आकाराच्या करंटचा खरा आरएमएस मोजणारा) नसलेला मीटर करंटच चुकीचा दाखवतो, मग वॅट काय काढणार.

उत्तरात किती आकडे लिहायचे यावरही जरा बोलतो, कारण ६.८५७१४ ओहम असं लिहिलेलं बघितलं की मला हसू येतं. व्होल्टेज १ टक्क्याने आणि करंट २ टक्क्यांनी चुकीचा असू शकत असेल तर भागाकार आणि गुणाकार दोन्हीत वाईटात वाईट ३ टक्के चूक धरायची, म्हणजे तुमचा ६.८६ हा ६.६५ ते ७.०७ मध्ये कुठेही असू शकतो. ६.९ म्हणा, पुरे.

आता तुमचा लोड रेझिस्टर. थंड बल्बचा ०.८ ओहमचा आकडा बघून तसला रेझिस्टर लावू नका, बल्ब तापून ६.९ ला जातो, रेझिस्टर ०.८ लाच बसून राहतो आणि १५ अँपिअर ओढून फ्यूज उडवतो. तुम्हाला जळत्या बल्बसारखा लोड हवाय, म्हणजे ६.८ ओहम, आणि हा स्टँडर्ड आकडा आहे, सहज मिळतो. पॉवर १२ व्होल्टवर काढू नका, इंजिन चालू असताना चार्जिंगचं व्होल्टेज १४.४ पर्यंत जातं, त्याचा वर्ग २०७, भागिले ६.८ म्हणजे ३०.५ वॅट, करंट २.१ अँपिअर. इंडिकेटर चमकतो तेव्हा अर्धा वेळ बंद असतो म्हणून सरासरी १५ च्या आसपास, पण फ्लॅशर अडकला किंवा कोणी हॅझर्ड लाइट तासभर चालू ठेवले तर काय, म्हणून ५० वॅटचा ॲल्युमिनियमच्या खोळीतला घ्या. त्यावर लिहिलेले ५० वॅट हे धातूच्या मोठ्या पत्र्यावर नीट स्क्रूने बसवला तरचे असतात, हवेत लोंबकळत ठेवला तर त्याच्या निम्मेही धरू नका. बॉडीच्या पत्र्यावर बसवा, मध्ये थर्मल पेस्ट लावा, आणि वायरींचा जुडगा किंवा प्लास्टिकचं टेललाइट त्याला टेकणार नाही एवढं अंतर सोडा.